कमीत कमी खर्चाचे पशुखाद्य आणि अटींची किंमत : धंद्याच्या निर्णयांसाठी ऑपरेशन्स रिसर्च

सह्यकडा (धागाकर्ता)

ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे दिलेल्या अटींत सर्वांत फायद्याचा निर्णय गणिताने काढण्याचे शास्त्र. त्याची ओळख बहुतेकांना व्यवस्थापनाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात होते आणि परीक्षेबरोबरच ती संपते. मी पशुखाद्याच्या कारखान्यांसाठी खरेदी आणि उत्पादनाच्या नियोजनाचे काम करतो. या शास्त्राचा धंद्याला सर्वांत मोठा उपयोग उत्तराबरोबर मिळणाऱ्या अटींच्या किमतींचा, म्हणजे एखादी अट थोडी सैल किंवा घट्ट केली तर खर्च किती बदलतो या आकड्यांचा, होतो आणि नेमके तेच पान बहुतेक जण उघडून पाहत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. ते पटवून देण्यासाठी एक लहान उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. दर आणि प्रमाणे हिशेब समजावा म्हणून धरलेली आहेत. प्रत्येकाने आपापल्या बाजारातली घालून पाहावीत.

एक टन, म्हणजे १००० किलो गोळी पेंड तयार करायची आहे. मक्याचा भरडा २४ रुपये किलो असून त्यात ९ टक्के प्रथिने आहेत. सोयाबीन पेंड ४२ रुपये किलो, प्रथिने ४५ टक्के. गव्हाचा कोंडा २२ रुपये किलो, प्रथिने १४ टक्के. सरकी पेंड ३३ रुपये किलो, प्रथिने २२ टक्के. अटी दोनच घेऊ. मालात किमान २० टक्के प्रथिने असली पाहिजेत, आणि कोंडा ४०० किलोंपेक्षा जास्त घालायचा नाही, कारण त्यापुढे गोळी नीट बांधली जात नाही असे उत्पादन विभागाचे म्हणणे आहे. क्षार आणि मीठ सर्व मिश्रणांत सारखेच असल्यामुळे ते सोडून दिले आहे.

एक्सेलमधल्या सॉल्व्हरला (असे प्रश्न सोडवणाऱ्या सोयीला) हे सांगितले की उत्तर लगेच मिळते : सोयाबीन पेंड २५० किलो, मका ३५० किलो, कोंडा ४०० किलो, सरकी पेंड शून्य आणि खर्च २७,७०० रुपये. येथपर्यंत सगळेच येतात. आता त्याच्या शेजारचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे अटींच्या किमतींचे पान, वाचावे.

पहिली ओळ प्रथिनांची. एक किलो मका काढून एक किलो सोयाबीन पेंड घातली, तर खर्च १८ रुपयांनी वाढतो आणि प्रथिने ०.३६ किलोने वाढतात. म्हणजे प्रथिनांचा एक जादा किलो आपल्याला ५० रुपयांना पडतो. प्रथिने २० ऐवजी २१ टक्के हवीत असा आग्रह विक्री विभागाने धरला, तर टनामागे ५०० रुपये जादा लागतील, हे चर्चेला बसण्यापूर्वीच माहीत असते.

दुसरी ओळ कोंड्याच्या मर्यादेची. ही मर्यादा एका किलोने सैल झाली तर साडेचार रुपये वाचतात. कोंडा ४५० किलो घालता आला तर टनाला २२५ रुपयांची बचत आहे. म्हणून मी उत्पादन विभागाला नेहमी विचारतो की वाफेचे प्रमाण बदलून किंवा वेगळ्या जाडीची डाय (गोळी पाडायचा साचा) बसवून गोळी टिकवायला टनामागे किती खर्च येईल. तो २२५ रुपयांच्या आत असेल, तर प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एरवी ‘४० टक्क्यांच्या वर जमत नाही’ या वाक्यावर चर्चा थांबते, आणि ती मर्यादा आपल्याला रोज किती रुपयांना पडते हे कोणी मोजत नाही.

तिसरी ओळ सरकी पेंडेची. आजच्या मिश्रणात तिची योग्यता, म्हणजे ज्या दरापर्यंत ती घेणे परवडते तो दर, ३०.५० रुपये किलो एवढीच ठरते. बाजारात ती ३३ ला आहे, म्हणून ती उत्तरात आली नाही. खरेदी अधिकाऱ्याच्या हाती हा एक आकडा दिला की दर ३०.५० च्या खाली उतरताच त्याने फोन करायचा, एवढे पुरते.

आपापल्या व्यवसायात अशा कोणत्या अटी आहेत आणि त्यांची किंमत कोणी कधी काढली आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

गोठा_करवीर

सह्यकडा साहेब, मांडणी आवडली. पण माझा गोठा आहे आणि मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या इतर घन घटकांवर) ठरतो. सरकी पेंड खाल्ल्याशिवाय म्हशीला फॅट लागत नाही, असा आमच्या भागातल्या निम्म्या गोठ्यांचा समज आहे. पोते उघडल्यावर सरकीचा वास आला नाही, तर पुढच्या वेळी माणूस दुसऱ्या दुकानात जातो. आपल्या उत्तरात सरकी शून्य आहे. संगणकाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण असा माल आमच्या गावात खपणार नाही. कोंड्याचेही तसेच. गोळी मोडून पोत्याच्या तळाशी भुकटी साचली की जनावर ती गव्हाणीत तशीच सोडते. ते नुकसान कारखान्याच्या वहीत दिसत नाही, आमच्या वहीत दिसते.

सह्यकडा

आपला आक्षेप अगदी योग्य आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला पुढे नेणारा आहे. गिऱ्हाइकाला सरकी हवी असेल, तर तीही एक अट म्हणून लिहावी : टनामागे किमान १०० किलो सरकी पेंड. मग सोयाबीन पेंड सुमारे २१४ किलो, मका सुमारे २८६ किलो आणि कोंडा ४०० किलो असे उत्तर येते, आणि खर्च २७,९५० रुपये होतो. गिऱ्हाइकाची ही पसंती कारखान्याला टनामागे २५० रुपयांना पडते. ५० किलोंच्या पोत्यामागे साडेबारा रुपये. आता प्रश्न नेमका झाला : सरकीच्या वासाचे पोते साडेबारा रुपये जास्त देऊन घेणारे गोठे किती आहेत, आणि विनासरकीचे पोते तेवढ्याने स्वस्त दिले तर कोणी घेईल का? याचे उत्तर संगणकाकडे नाही, ते आपल्यासारख्यांनाच विचारावे लागेल. भुकटीचा मुद्दा मी टिपून घेतला आहे. कोंड्याची मर्यादा सैल करून वाचणाऱ्या २२५ रुपयांमधून गोठ्यावर वाया जाणाऱ्या भुकटीची किंमत वजा केली पाहिजे, आणि ती मी वरच्या हिशेबात धरलेली नाही.

काचपात्र

मी पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

एक म्हणजे, मक्यात ९ टक्के प्रथिने ही सरासरी आहे. एका गाडीत साडेआठ, दुसऱ्या गाडीत साडेनऊ असे प्रत्यक्षात येत असते, आणि सोयाबीन पेंडेत हा चढउतार याहून मोठा असतो. मिश्रणाचे लक्ष्य काटेकोर २० टक्के ठेवले, तर जवळपास निम्मा माल तपासणीत २० च्या खाली निघेल. समजा, तयार मालातल्या प्रथिनांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार मोजणारा आकडा) ०.६ टक्के आहे. १०० पैकी ९५ घाण्या (घाणी म्हणजे एका वेळी मिसळलेला माल) २० च्या वर राहाव्यात असे ठरवले, तर लक्ष्य सुमारे २१ टक्के ठेवावे लागते. वर दिलेल्या हिशेबाने त्याचा खर्च टनाला ५०० रुपये येतो. आता प्रत्येक गाडीचा नमुना एनआयआर (अवरक्त प्रकाशाने तपासणाऱ्या) यंत्रावर काही मिनिटांत तपासून त्यानुसार मिश्रण बदलले आणि विचलन ०.३ वर आणले, तर लक्ष्य साडेवीस टक्के ठेवून भागते आणि खर्च निम्मा होतो. दिवसाला ५० टन माल काढणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला १२,५०० रुपयांची आहे. प्रयोगशाळा हा केवळ खर्चाचा विभाग आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर हा हिशेब ठेवावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत; नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे कागदावर त्याची ‘प्रथिने’ २८७.५ टक्के भरतात. सह्यकडा यांच्याच आकड्यांनी पाहिले, तर एक किलो युरियाची योग्यता १६३ रुपयांच्या पुढे जाते, आणि त्याची खरेदीची किंमत त्याच्या जवळपासही नसते. मर्यादेची ओळ लिहायची राहून गेली, तर सॉल्व्हर निमूटपणे युरिया भरत जाईल आणि उत्तर म्हणून विष देईल. रवंथ करणारी मोठी जनावरे थोडा युरिया पचवू शकतात, म्हणून मिश्रणात तो साधारण एक टक्क्याच्या आत ठेवला जातो. लहान वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्यांना तो चालतच नाही. पावसाळ्यात ओलसर मका आणि सरकी पेंड यांत बुरशीमुळे होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादाही अशीच, विसरली तर महागात पडणारी आहे. यांतल्या कोणत्याही अटीच्या किमतीवर चर्चा करायची नसते. त्या तशाच पाळायच्या असतात.

जुनी_वही

काचपात्र ताईंच्या युरियावरून या विषयाच्या इतिहासातली एक खरी घटना आठवली. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली असा प्रश्न मांडला होता की, प्रौढ माणसाच्या नऊ पोषक घटकांची गरज ७७ खाद्यपदार्थांतून कमीत कमी किती पैशांत भागेल. १९३९ च्या दरांनी त्यांनी वर्षाला ३९.९३ डॉलर असे उत्तर काढले. ते अंदाजाने आणि चाचपणीने काढलेले होते, कारण नेमकी पद्धत तेव्हा उपलब्ध नव्हती. १९४७ साली अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी अशा प्रश्नांचे नेमके उत्तर काढणारी सिम्प्लेक्स पद्धत मांडली, आणि तिची पहिली मोठी परीक्षा म्हणून हाच प्रश्न घेतला गेला. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर नऊ कारकुनांनी मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस खपून उत्तर काढले : ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिग्लर यांचा अंदाज केवळ २४ सेंटने चुकला होता.

पुढे डँट्झिग यांनी स्वतःचे वजन कमी करण्यासाठी असाच हिशेब संगणकाला घातला. पोट भरल्याची जाणीव जास्तीत जास्त व्हावी म्हणून त्यांनी पदार्थाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करून मोजमाप ठरवले होते. व्हिनेगरमध्ये पाणी नाही असे आकडेवारीत धरले गेल्यामुळे संगणकाने दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर पिण्याचा सल्ला दिला. व्हिनेगर यादीतून काढल्यावर दिवसाला २०० बुयॉन क्यूब, म्हणजे सुपाच्या खारट वड्या, खाण्याचा सल्ला आला. वड्यांवर कमाल मर्यादा घालावी, हे त्या आकड्यापर्यंत डँट्झिग यांच्या मनातही आले नव्हते. ज्यांनी ही पद्धत शोधली त्यांनाही न लिहिलेल्या अटी अशा रीतीने शोधून काढाव्या लागल्या, ही बाब नवख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक नाव येथे आले पाहिजे. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या बहुपृष्ठाच्या (अनेक सपाट बाजूंच्या आकृतीच्या) कडांवरून एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि काही मुद्दाम रचलेल्या प्रश्नांत तिला प्रचंड संख्येने कोपरे पालथे घालावे लागतात, हे १९७२ साली दाखवले गेले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना, त्या बहुपृष्ठाच्या आतून मार्ग काढणारी पद्धत मांडली. लाखो चले असलेल्या नियोजनाच्या प्रश्नांसाठी आज सिम्प्लेक्सच्या जोडीला आतून जाणाऱ्या पद्धती सर्रास वापरल्या जातात. आपल्या चार घटकांच्या पेंडेला त्याची गरज नाही, हे खरे. परंतु मराठी घरातल्या एका गणितज्ञाने या शास्त्राचा पुढचा मार्गच बदलून टाकला, याचा मला अभिमान वाटतो आणि तो येथे नोंदवावासा वाटला.

पेठकर

चर्चा उत्तम चालली आहे. माझा कारखाना नाही, दुग्धजन्य पदार्थांचे दुकान आहे. पाडव्याला श्रीखंड किती मागवायचे हा माझा दरवर्षीचा प्रश्न असतो. मी मागच्या काही वर्षांची सरासरी काढून तेवढेच मागवतो. कधी दुपारीच संपते, कधी दुसऱ्या दिवशी पडत्या भावाने काढावे लागते. यात या शास्त्राचा काही उपयोग होईल का?

सह्यकडा

पेठकर काका, आपला प्रश्न या शास्त्रातल्या जुन्या आणि सर्वांत उपयोगी प्रश्नांपैकी एक आहे. त्याला दोनच आकडे लागतात. समजा, श्रीखंड आपल्याला २२० रुपये किलोने पडते, २८० ने विकले जाते आणि उरलेले २०० ने काढावे लागते. एक किलो कमी पडले तर ६० रुपयांचा नफा बुडतो, एक किलो उरले तर २० रुपयांचा तोटा होतो. ६० ला ६० अधिक २० ने भागले की पाऊण येते. याचा अर्थ, चारांपैकी तीन पाडव्यांना पुरून उरेल एवढा माल मागवणे आपल्या फायद्याचे आहे. सरासरीएवढा माल साधारण निम्म्याच वेळा पुरतो, म्हणून या दरांना आपण आज मागवता तो माल कमी आहे. याउलट उरलेला माल टाकूनच द्यावा लागत असता, तर तोटा किलोला २२० रुपये झाला असता, गुणोत्तर ६० भागिले २८०, म्हणजे पाव भागाच्याही खाली आले असते, आणि मग सरासरीपेक्षा बरेच कमी मागवणे शहाणपणाचे ठरले असते. शिल्लक माल पडत्या भावाने तरी काढून देणारे गिऱ्हाईक हाताशी असण्याची किंमत यातून दिसते. एखाद्या उपाहारगृहाशी आधीच बोलून ठेवले, तर त्याच दिवशी आपण जास्त माल मागवू शकता.

उसाचा_फड

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात अनेक हंगाम काढले आहेत, आणि माझा आक्षेप थोडा मूलभूत आहे. आपण सर्व जण अटींविषयी बोलत आहात, पण उद्दिष्ट कोणाचे, हे कोणी विचारलेले नाही. आमच्याकडे तोडणी प्रोग्रॅम (कोणाचा ऊस कधी तोडायचा याचा क्रम) संगणकावर बसवण्याची कल्पना निघाली होती. उद्दिष्ट होते सरासरी साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) जास्तीत जास्त ठेवणे आणि वाहतूक कमीत कमी करणे. आलेल्या उत्तरात कारखान्याजवळचे मोठे, सलग, पक्व फड आधी होते, आणि लांबच्या गावातले २० गुंठेवाले शेवटी. टोळीला आणि ट्रॅक्टरला मोठा फड सोयीचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातही तसे होतच असते. संगणकाने त्याला शास्त्राचा शिक्का दिला असता. त्या २० गुंठेवाल्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटते, पुढच्या पिकाचे रान अडकते. चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्याच. उताऱ्याचा फायदा मात्र सगळ्यांना वाटून मिळतो, कारण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो.

सह्यकडा

आपण अतिशय महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. फायदा सामायिक आणि नुकसान एकट्याचे, अशी रचना असेल तेथे केवळ सरासरी वाढवणारे गणित अन्याय करणारच, आणि त्याचा दोष गणिताबरोबरच ते मांडणाऱ्याकडेही जातो. माझ्या मते येथे नोंदीच्या तारखेचा क्रम अट म्हणून घालावा : लागणीच्या नोंदीनुसार ज्याची पाळी आली आहे, त्याचा ऊस त्यानंतर ठरावीक दिवसांच्या आत तुटलाच पाहिजे, फड कितीही लहान असो. मग ती मुदत १० दिवस, २० दिवस आणि ३० दिवस ठेवून तीन वेगवेगळे प्रोग्रॅम काढावेत आणि प्रत्येकात सरासरी उतारा किती खाली येतो ते पाहावे. पेंडेच्या उदाहरणासारखी किंमत येथे एका ओळीत मिळणार नाही, कारण टोळी अमुक फडावर जाते किंवा जात नाही; अर्धी टोळी धाडता येत नाही, त्यामुळे असे प्रश्न पूर्णांकांत सोडवावे लागतात आणि त्यांत शॅडो प्राइसचा, म्हणजे अटीच्या किमतीचा, सरळ अर्थ लागत नाही. म्हणूनच तीन वेळा सोडवून तुलना करायची. त्या तीन कागदांतून कोणता स्वीकारायचा हे संचालक मंडळाने आणि सभासदांनी ठरवायचे आहे. शेती खात्याने किंवा माझ्यासारख्याने ते परस्पर ठरवू नये.

उसाचा_फड

तीन मुदतींचे तीन कागद ही कल्पना मला पटली. वार्षिक सभेत उताऱ्यातल्या घटीचा आकडा उघडपणे समोर आला, तर निदान वाद खऱ्या गोष्टीवर होईल. मात्र त्यासाठी नोंदीच तारखेवार खऱ्या असल्या पाहिजेत. पुढची तारीख मागे टाकून घेणारे प्रत्येक गटात असतात, आणि ती तपासणी आधी व्हायला हवी.

काचपात्र

नोंदींचा विषय निघालाच आहे, तर पेठकर काकांसाठी एक सूचना करते. ज्या वर्षी श्रीखंड दुपारीच संपले, त्या वर्षीची विक्री म्हणजे मागणी नव्हे. मागणी त्याहून जास्त होती, फक्त ती आपल्या वहीत उतरली नाही. अशा वर्षांचे आकडे तसेच धरून हिशेब केला, तर पाऊण भागाचे गणित बरोबर करूनही माल कमीच मागवला जाईल, आणि कमी मागवल्यामुळे पुढच्या वर्षीची नोंदही पुन्हा कमीच होईल.

पेठकर

ताई, हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. जुन्या वह्यांत फक्त विक्रीचे किलो आहेत. तरी ज्या वर्षी माल लवकर संपला ती वर्षे घरात सगळ्यांना आठवतात, त्यांच्यापुढे खूण करून घेतो. यंदापासून माल संपल्याची वेळ आणि त्यानंतर विचारून परत गेलेली गिऱ्हाइके यांसाठी वहीत वेगळा रकाना आखतो, आणि पाडवा झाल्यावर आकडे येथे टाकतो.